‘भुईदरवाजा’तून काढलेली बाई

मधू,

परवा तुझी शोकसभा झाली. विरार पूर्वेला, फुलपाड्यातल्या त्याच हॉलमध्ये, जिथे तुझ्या पंचाहत्तरीला तुला शाल दिली होती. तुझा फोटो मोठा होता. त्याच्या शेजारी सभा भरवणाऱ्या भाऊसाहेबांचा, हात जोडलेला, फोटो त्याहून मोठा होता. नवख्या माणसाला नेमकं कोण गेलं ते कळायला वेळ लागला असता.

बोलणाऱ्यांची रांग लागली होती. तू वसईचा मानबिंदू होतास. तू किती साधा होतास. एकाने तुला शाहीर करून टाकलं. दुसऱ्याने तुझ्या कवितेत तोफा कशा धडाडतात ते हात उडवून सांगितलं. किल्ल्याच्या जमिनीकडच्या दरवाजाचं नाव घेतलेल्या तुझ्या ‘भुईदरवाजा’त एकही तोफ धडाडत नाही, मधू. लिहीत होतास तेव्हा तू मला मोठ्या खुशीत सांगितलं होतंस, ‘इनास, किल्ल्यावरची कविता आहे आणि लढाई कुठेच नाही बघ. लांबून आवाज येतो आणि गावातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात, एवढंच.’ त्या कोंबड्यांबद्दल परवा कोणी काही बोललं नाही. पुस्तक उघडलं असतं तर पहिल्याच भागात भेटल्या असत्या. पण पुस्तक भेट द्यायला असतं, शालीबरोबर.

मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. राग येत होता. तो त्या लोकांचा थोडा आणि तुझा बराच होता. ते आहेत तसे आहेत, त्यांनी कधी वेगळे असल्याचा दावा केला नाही. तू वेगळा होतास, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

एका वक्त्याने आपल्या दोस्तीचाही उल्लेख केला. तू हिंदू, मी ख्रिस्ती, म्हणजे आपण ऐक्याचं प्रतीक. नंदाखालला आपल्या वाड्या शेजारी होत्या, मध्ये एक बावखल, पावसाचं पाणी साठवणारं तळं, त्याचं पाणी तुमच्याही केळींना जायचं आणि आमच्याही. त्या बावखलाकाठून आपण दुसऱ्यांच्या पेरूंवर जायचो आणि पकडले गेलो की तू माझं नाव सांगायचास. यात प्रतीक कुठे बसतं ते त्या वक्त्याला विचारायला हवं होतं.

पण ती कविता. ती तू लिहायला घेतलीस तेव्हा आपण तिशीत होतो. तू सरकारी खात्यात फायली सरकवत होतास, मी शाळेत मराठी शिकवत होतो. संध्याकाळी तू यायचास आणि आमच्या पडवीत सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, चघळत बोलत बसायचास. तुझं म्हणणं साधं होतं. किल्ल्याबद्दल पोर्तुगिजांनी लिहिलं, पेशव्यांच्या लोकांनी लिहिलं, इंग्रजांनी नकाशे काढले. ज्यांच्या वाडीतून ही सगळी सैन्यं गेली, त्यांना काय आठवतं? ‘त्यांना काहीतरी आठवत असणारच ना रे,’ तू म्हणायचास, ‘ते कुठे आहे?’

ते आमच्याच घरात होतं. माझी आय तेव्हा सत्तरीकडे झुकलेली, पण तिच्याकडे तिच्या आजीकडून आलेली एक गोष्ट होती. ती तिने तुला सांगितली, मला नाही. मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत तिला काही विचारलंच नव्हतं असं तू मला नंतर चिडवायचास, आणि ते खरं होतं.

गोष्ट अशी. आमच्या घराण्यातली कोणी एक बाई. तिचं कुटुंब पोर्तुगिजांच्या काळात बाटलं, तिचा भाऊ मात्र दूरच्या गावी होता म्हणून वाचला. किल्ला मराठ्यांनी घेतला आणि आता आपलं राज्य आलं असं सगळीकडे झालं. ही बाई उठली आणि भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, ‘आले.’ भाऊ घरातून बाहेर आला नाही. भावजय आली. बाई उन्हातून चालत आली होती, तिने पाणी मागितलं. भावजयीने तिला ओंजळ धरायला सांगितली आणि वरून पाणी ओतलं, तांब्या ओठाला लागू नये म्हणून. बाई पाणी प्यायली. मग वळली आणि घरी आली, आणि रविवारी मुलांना घेऊन देवळात गेली. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. त्यानंतर तिने कधी भावाचं नाव काढलं नाही.

इतिहासात असं घडलं का, किती घरांत घडलं, मला माहीत नाही. काहींना परत घेतलं असंही म्हणतात. आमच्या घरात हे असं सांगतात, एवढंच.

तू ते ऐकलंस आणि कितीतरी दिवस आमच्याकडे आलाच नाहीस. आलास तो पाचवा भाग घेऊन. पडवीत उभा राहून वाचलास. तुझा आवाज चांगला नव्हता, नाकातून यायचा, पण त्या दिवशी आमच्या शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली होती.

*बाईने ओंजळ धरली.*
*भावजयीने तांब्या उंच धरला,*
*इतका उंच, की मधल्या जागेत*
*सगळी राज्यं मावली.*
*पाणी तेच होतं.*
*बाई ते प्यायली,*
*कारण तिला तहान लागली होती.*

आय आत गेली आणि तुझ्यासाठी अंडी तळून आणली. तिच्याकडून यापेक्षा मोठा पुरस्कार कोणाला मिळालेला मला आठवत नाही.

मी आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या मधू, पण कविता म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं. त्याआधी मी अलंकार आणि वृत्तं शिकवत होतो. तुझं हे देणं मी नाकारत नाही. म्हणून तर तुझं पुढचं वागणं गिळता येत नाही.

संपूर्ण कविता तेव्हा एका दिवाळी अंकात आली, साड्यांच्या आणि फर्निचरच्या जाहिरातींच्या मध्ये. थोड्यांनी वाचली, आणि ज्यांनी वाचली ते चिडले. तुझ्या काकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, आपल्या लोकांना दारातून बाई हाकलताना दाखवतोस म्हणून. आमच्या बाजूचेही दोघेतिघे तुझ्यावर घसरले, आमची बाई परत जायला निघालीच कशी म्हणून. तू खूश होतास. ‘दोन्हीकडचे ओरडताहेत,’ तू म्हणालास, ‘म्हणजे नीट लागलंय.’ त्या मधूवर माझा जीव होता.

मग बरीच वर्षं काही झालं नाही. तू निवृत्त झालास. तुमची वाडी गेली, तिथे इमारत उभी राहिली आणि तू फुलपाड्याला मुलाच्या घराजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट घेतलास, पुढे छोटा ओटा असलेला. आणि एके दिवशी भाऊसाहेब आले. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही, ते सगळ्या चौकांत लिहिलेलं आहेच. जमिनी घेतात, इमारती बांधतात, मधल्या वेळात संस्कृती करतात. त्यांना किल्ल्याच्या विजयाचा उत्सव करायचा होता आणि उत्सवाला कवी हवा होता. कोणीतरी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ‘भुईदरवाजा’ देखणी छापायचं ठरवलं, रंगीत चित्रांसह, पहिल्या पानावर स्वतःच्या शुभेच्छा. त्यांची अट एकच, आणि ती त्यांनी फार अदबीने सांगितली म्हणे. पाचवा भाग नको.

तू मला हे तुझ्या ओट्यावर सांगितलंस, जणू मुलाचं लग्न ठरल्याची बातमी देत होतास.

‘आणि तू काय म्हणालास?’ मी विचारलं.

‘विचार करतो म्हटलं.’

‘यात विचार करण्यासारखं काय आहे?’

‘इनास, हे बघ. ती कविता आजवर किती जणांनी वाचली? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी. आता हजारो घरांत जाईल. चार भाग जाताहेत. चार काय कमी आहेत?’

‘चौथा भाग कुठे संपतो?’

तुला ठाऊक होतं. चौथा भाग संपतो तो किल्ल्यावर निशाण चढतं तिथे. तुझ्या मूळ कवितेत ते निशाण चढतं, लोक नाचतात, आणि पान उलटलं की दारात ती बाई उभी असते. सबंध कविता त्या पान उलटण्यासाठी लिहिलेली होती. ते पान काढलं की राहतं काय? निशाण आणि नाच. तू ज्या प्रकारच्या कवितांची टिंगल करायचास, तीच.

‘मधू, तू भाग काढत नाहीयेस,’ मी म्हणालो, ‘तू कविता उलटी करतो आहेस.’

‘तुला वाटतं तसं नाही ते. दोन्ही समाजांना वाईट वाटेल, उगाच जखमा कशाला उकरायच्या, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यातही काही तथ्य आहे.’

‘हे त्यांचं म्हणणं झालं. तुझं?’

‘माझं म्हणणं,’ तू म्हणालास, आणि मग तू जे बोललास ते मी अजून विसरलो नाही. ‘माझं वय झालं रे. मला एकदा टाळ्या ऐकायच्या आहेत.’

निदान खरं बोललास. त्या दिवशी मी तुझा मान राखून उठलो. पण पुस्तक आलं आणि त्यात तुझं मनोगत होतं, तेव्हा तोही गेला. त्या मनोगतात तू लिहिलं होतंस, ‘काव्याच्या एकात्म परिणामासाठी काही पुनर्लेखन केले आहे.’ टाळ्यांसाठी केलं असं लिहिलं असतंस तर मी ते पान कापून भिंतीला लावलं असतं.

टाळ्या तुला मिळाल्या. उत्सवात तू फेटा बांधून वाचलास. निशाण चढलं तेव्हा ढोल वाजले, खरोखरचे. तू लिहिलेल्या ज्या ओळींत लांबचा आवाज ऐकून कोंबड्या घाबरतात, त्या ओळींवर लोकांनी शिट्या मारल्या. मी तिथे होतो. तू मला बघितलंस आणि नजर काढून घेतलीस.

तुझं पुस्तक आल्याचं आयच्या कानावर गेलं. तेव्हा तिची नव्वदी उलटली होती, डोळ्यांनी अक्षर दिसत नव्हतं. म्हणाली, वाचून दाखव. मी टाळत राहिलो, पण ती टाळू देणारी नव्हती. मग मी वाचली, दुपारी, तिच्या खाटेशी बसून. ती मध्येच हुंकार देत होती, गावांची नावं आली की मान हलवत होती. चौथा भाग संपला. मी पुस्तक मिटलं.

‘झालं?’ तिने विचारलं.

‘झालं, आय.’

‘आन ती बाय?’

मी पुस्तक उशाशी सरकवलं.

‘माझी बाय कुठं गेली?’ ती म्हणाली. ‘का मधूलापन ती नको झाली?’

मी सांगितलं की पुस्तकाची पानं वाढत होती. आयुष्यात मी तिच्याशी जेवढं खोटं बोललो त्यातलं हे सगळ्यात भिकार खोटं होतं, आणि ते तुझ्यासाठी बोललो. तिने विश्वास ठेवला नाही. कूस बदलली.

त्या नाताळला तू नेहमीप्रमाणे आलास. हे मला तुझं कधीच कळलं नाही. तुला लाज नव्हती असं म्हणावं तर तू दरवर्षी तिच्या पाया पडायचास, आणि लाज होती असं म्हणावं तर तू आलास कसा? आय पडवीत बसलेली. तिने तुझी चौकशी केली, तुझ्या बायकोच्या, सुलभावहिनींच्या, गुडघ्याची केली. मग मला म्हणाली, ‘पान्याचा तांब्या आन.’ मी पेलाही आणत होतो. ‘पेला नको,’ म्हणाली. भिंतीचा आधार घेऊन ती उठली. मी धरायला गेलो तर हात झटकला.

‘ओंजळ धर, मधू.’

तुला कळलं. माझ्याआधी तुला कळलं. तू तिथे पायरीखाली उभा होतास आणि ती वरच्या पायरीवर. तिला तांब्या पेलत नव्हता, त्यामुळे निम्मं पाणी तुझ्या बाहीत गेलं, पायघोळ झब्बा भिजला. पण तू ओंजळ सोडली नाहीस. खाली मान घालून प्यायलास.

त्या क्षणी तू रडला असतास तर मी सगळं सोडून दिलं असतं. तू रुमाल काढलास, मनगटं पुसलीस आणि म्हणालास, ‘मावशी, पुढच्या आवृत्तीत घालतो तिला.’

आयने तुझ्यासमोर फराळाचं ताट ठेवलं. ती म्हणाली, ‘घाल हो.’ एवढंच. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढची आवृत्ती आली. तिच्या पुढची पण आली. बाई कुठेच नव्हती. मुखपृष्ठ मात्र प्रत्येक वेळी नवं होतं.

आय गेली तेव्हा तू मिस्सापासून, देवळातल्या प्रार्थनेपासून, शेवटपर्यंत होतास. खांदा दिलास. तुझ्या सगळ्या मोठेपणात ती एक गोष्ट मला कधी छोटी वाटली नाही. आठवडाभर तू रोज आमच्याकडे येऊन नुसता बसायचास, पाहुण्यांना खुर्च्या द्यायचास, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता तेव्हा तूच लोकांशी बोलायचास. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि ऋणी असणं मला या घडीला आवडत नाही. पण दफनभूमीत माती टाकताना तू काहीतरी पुटपुटत होतास. लोकांना वाटलं तू तुमच्यातला एखादा श्लोक म्हणतोयस. मी शेजारी होतो. तू पाचवा भाग म्हणत होतास, पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न चुकता.

म्हणजे तुला पाठ होता. खड्ड्यात म्हणायला तुला भीती वाटली नाही. वर, उन्हात, माइकवर वाटली.

तुझ्या शेवटच्या आजारात मी तुझ्याकडे येत होतो ते भांडायला, हे तुलाही ठाऊक होतं. एकदा मी सरळ विचारलं, ‘आता तरी सांग. भाऊसाहेब तुझं काय करणार होते?’

‘काहीच नाही,’ तू म्हणालास. ‘तेच तर. काहीच करणार नव्हते. पुस्तक छापलं नसतं, एवढंच.’

‘मग?’

‘लोकांना ती बाई नको होती रे.’

‘लोकांना विचारलं होतंस?’

तू दमला होतास. म्हणालास, ‘उद्या ये. उद्या भांडू.’ मी दुसऱ्या दिवशी आलो. पूर्ण तयारीने आलो होतो, रिक्षात मनाशी वाक्यं जुळवत. तू टीव्हीवर क्रिकेट बघत होतास, पायावर पांघरूण घेऊन. मी विषय काढला तसा तू हाताने थांबवलंस. ‘आज नको. आज मॅच चांगली आहे.’ मी बसलो, आपण मॅच बघितली. कोण जिंकलं तेही आता आठवत नाही. त्यानंतर पुन्हा आपल्याला वेळ मिळाला नाही. एवढ्या वर्षांचा वाद, आणि त्याचा शेवट असा झाला की एका माणसाच्या खराब फिल्डिंगबद्दल आपलं एकमत झालं.

तर परवाची सभा. मला बोलायला बोलावतील असं वाटलं नव्हतं, पण प्रतीकाला बोलवावंच लागतं. भाऊसाहेबांचा एक माणूस वाकून कानाशी आला. ‘सर, दोन मिनिटं हां. ओन्ली आठवणी. हेवी काही नको, प्लीज.’

मी उभा राहिलो. म्हणालो, माझं नाव इनास, मी आणि मधू नंदाखालचे. आठवणी माझ्याकडे ठेवतो. मधूने लिहिलेलं थोडं म्हणून दाखवतो. आणि मी पाचवा भाग म्हटला.

सुरुवातीला त्यांना वाटलं ही आणखी एक कविता आहे. ते माना डोलावत होते, कारण कविता चालू असली की मान डोलवायची असते. बाई भावाच्या दारात पोचली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकदोन माना थांबल्या. भावजयीने तांब्या उचलला तेव्हा तो मघाचा माणूस व्यासपीठाच्या कडेला येऊन बोटाने घड्याळ दाखवू लागला. मग माइक बंद झाला. बिघडला असं ते नंतर म्हणाले. मी शाळेत पंख्यांच्या घरघरीवरून वर्ग चालवलेला माणूस. उरलेलं मी माइकशिवाय म्हटलं. मागे बसलेल्या कोणीतरी पंखा बंद केला. कोण ते दिसलं नाही.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी ओरडलंही नाही. तू इतकी वर्षं ज्याला भीत होतास ते आलंच नाही, मधू. ना दंगा, ना निषेध. काही माणसं खाली बघत होती, काही फोनमध्ये, आणि काही, खरं सांगायचं तर, नुसती ऐकत होती.

खाली उतरलो तेव्हा भाऊसाहेबांनी माझा हात हातात घेतला. ‘सर, काय सुंदर वाचलंत. पण हे साहेबांचंच का? पुस्तकात तर कुठे नाही.’

ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते. ज्या ओळींसाठी त्यांनी तुला वाकवलं त्या त्यांच्या लक्षातही राहिल्या नव्हत्या. कदाचित त्यांनी त्या कधी वाचल्याच नसतील, कोणीतरी सांगितलं असेल की शेवटी काहीतरी भानगड आहे. अशा माणसापुढे तू वाकलास. मला तुझी तिथे हॉलमध्ये शिसारी आली. लगेचच त्यांनी माइकवरून, जो आता चालू झाला होता, जाहीर केलं की त्यांच्या नव्या टॉवरला ‘भुईदरवाजा’ नाव देणार आणि कमानीवर तुझ्या ओळी कोरणार. या घोषणेला टाळ्या पडल्या.

काल मी सुलभावहिनींकडे गेलो. त्यांना भेटायचं बाकी होतं. त्या सभेला आल्या नव्हत्या, गुडघ्याचं कारण दिलं होतं. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. वहिनींना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. आधी सांत्वन झालं, मग काम आलं. टॉवरच्या नावाला घरच्यांची परवानगी हवी, आणि पुस्तकाची स्मृती-आवृत्ती काढायची, त्यालाही.

‘नाव देणार नाही,’ वहिनी म्हणाल्या.

‘नाही, वहिनी, म्हणजे साहेबांचा सन्मान म्हणूनच…’

‘कळलं मला. नाव नको. आणि पुस्तक काढायचं तर पाचही भाग.’

‘पाच? चारच आहेत ना?’

‘पाच आहेत. पाचवा इनासभाऊंकडून घ्या, त्यांना येतो.’

‘वहिनी, बघा, साहेबांचीच इच्छा होती की…’

‘ते गेले,’ वहिनी म्हणाल्या. ‘आता माझी इच्छा.’ आणि त्यांनी फोन ठेवला, पदर सारखा केला आणि मला विचारलं, चहात साखर बरी आहे ना.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘वहिनी, हे तुम्ही तेव्हा म्हणाला असता तर.’

‘तेव्हाही म्हणाले होते,’ त्या म्हणाल्या. ‘भाऊसाहेब पहिल्यांदा येऊन गेले त्याच दिवशी. मी म्हटलं, असली कापलेली कविता मी घरात ठेवणार नाही. रोज भांडण व्हायचं आमचं. मला म्हणाले, हे इनासला कळता कामा नये.’

‘का?’

‘तुम्ही दोघं एका बाजूला झालात तर मला तुम्हाला नाही म्हणायला जागाच उरणार नाही, असं म्हणाले.’

म्हणजे मधू, तू त्या ओट्यावर माझ्याशी वाद घालायला बाहेर यायचास तेव्हा आत हरून आलेला असायचास. मी तुला विकला गेलेला समजत होतो. तू तर रोज सकाळी घरात खरं ऐकत होतास, ते खरं आहे हे तुला पटत होतं, आणि मग दिवसभर तू त्याच्यापासून पळत होतास. एवढ्या कष्टाने भित्रा राहिलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

वहिनींना मी पाचवा भाग लिहून दिला. त्यांनी तो वाचला, एका जागी थांबल्या आणि माझी एक चूक दाखवली. मी ‘भावजयीने’ लिहिलं होतं. त्यांनी पाहिलेल्या पहिल्या खर्ड्यात तू भावजयीच्या जागी स्वतःला घातलं होतंस म्हणे, ‘मी तांब्या उंच धरला’, आणि आमच्या पडवीत वाचायला निघण्याआधी ते बदललंस.

मी पेन घेतलं आणि दुरुस्त केलं. आता तसंच छापून येईल.